पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण: पुण्यातील पदवीधरांसाठी मार्गदर्शन

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू आढळला. कोंबडीच्या आतड्यात हा जीवाणू तिला फारसा त्रास न देता राहतो आणि माणसात तो दूषित पाणी, अर्धवट शिजलेले मांस किंवा न तापवलेले दूध यांतून येतो. त्या साथीत संशयाची सुई मुख्यतः पिण्याच्या पाण्याकडे होती. कुक्कुटपालन शेडचा प्रश्न मागाहून निघाला. विहिरीचे पाणी, कोंबडीची विष्ठा आणि रुग्णाचा नमुना ही एकाच प्रश्नाची तीन अंगे आहेत असे समजून त्यांचे अहवाल एकत्र वाचू शकणारी व्यक्ती तयार करणे, हे पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर शिक्षणाचे काम आहे. पुण्यात राहणाऱ्या किंवा पुण्याच्या आसपास नोकरी करणाऱ्या पशुवैद्यकीय पदवीधराने हे शिक्षण कसे घ्यावे, कोणत्या टप्प्यावर काय ठरवावे आणि कुठे वेळ वाया जाण्याची शक्यता असते, याचे मार्गदर्शन पुढे केले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे बरे. हा विषय अनेकांच्या वाट्याला निवडून येत नाही, तर उरलेला म्हणून येतो. शस्त्रक्रिया किंवा औषधोपचार या विभागांतील जागा संपल्या की विद्यार्थी नाइलाजाने इकडे वळतो, दोन वर्षे शंभरएक मांसाचे नमुने तपासतो आणि त्यावर प्रबंध लिहून मोकळा होतो. त्याच्या हाती पदवी येते, परंतु साथ उद्भवल्यावर पहिल्या दिवशी काय विचारायचे हे त्याला सांगता येत नाही. हे टाळायचे असेल, तर महाविद्यालय कोणते यापेक्षा प्रबंधाचा प्रश्न कोणता याला अधिक महत्त्व द्यावे लागेल, कारण या विषयात प्रबंध हेच खरे प्रशिक्षण असते.

पदवी कोणती आणि कुठे

मुख्य मार्ग एम.व्ही.एस्सी. या दोन वर्षांच्या पदवीचा आहे. त्यासाठी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी, आंतरवासिता पूर्ण झाल्याचा दाखला आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हवी. महाराष्ट्रातील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. पुणे शहरात त्यांपैकी एकही नाही, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना नवल वाटण्याजोगी आहे. सर्वांत जवळचे महाविद्यालय म्हणजे सातारा रस्त्यावरील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय. त्यानंतर १८८६मध्ये स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूर, परभणी आणि उदगीर येथेही महाविद्यालये आहेत, तर अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. कोणत्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्र विभागात त्या वर्षी किती जागा भरणार आहेत, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. मागील वर्षाच्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

राज्याबाहेर जायची तयारी असेल, तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी. या परीक्षेच्या गुणवत्तेवर इतर राज्यांतील विद्यापीठांतल्या काही जागा आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतील जागा खुल्या होतात. या संस्थेत सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. ही संस्था मुळात पुण्याचीच. १८८९मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने ती येथे सुरू झाली आणि १८९३मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवली गेली, कारण जनावरांच्या सांसर्गिक रोगांचे जंतू दाट वस्तीच्या शहरात हाताळणे धोक्याचे होते. प्रयोगशाळा आणि वस्ती यांतील अंतराचा हा विचार आजच्या जैवसुरक्षेच्या पाठातही पहिलाच असतो.

दुसरा मार्ग सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीचा, म्हणजे एम.पी.एच.चा. या अभ्यासक्रमांना अनेक संस्थांत पशुवैद्यक पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. येथे निवड करताना भावनेपेक्षा पुढील नोकरीचा विचार करावा. कृषी संशोधन सेवेत शास्त्रज्ञ व्हायचे असेल किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर त्या विषयातील एम.व्ही.एस्सी. आवश्यक असते, तेथे एम.पी.एच. तिची जागा घेऊ शकत नाही. उलट ज्याला राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांत, सर्वेक्षण यंत्रणेत किंवा स्वयंसेवी संस्थांत काम करायचे आहे, त्याला एम.पी.एच.मधले जैवसांख्यिकी, आरोग्यव्यवस्था आणि कार्यक्रम मूल्यमापन हे विषय अधिक उपयोगी पडतात. दोन्ही करणारेही असतात, परंतु आधी एम.व्ही.एस्सी. करून मग काही वर्षांच्या नोकरीनंतर एम.पी.एच. करणे हा क्रम अधिक फलदायी ठरतो, कारण आरोग्यव्यवस्थेचे धडे व्यवस्थेत काम केल्याशिवाय पुस्तकीच राहतात.

शासकीय सेवेतील पशुधन विकास अधिकाऱ्यांनी अर्ज भरण्याआधी आपल्या कार्यालयातून ना-हरकत प्रमाणपत्र आणि अध्ययन रजेचे नियम लेखी समजून घ्यावेत. प्रवेश मिळाल्यावर रजेची धावपळ करणाऱ्यांचे पहिले सत्र बहुधा वाया जाते.

मार्गदर्शक आणि प्रश्न

अभ्यासक्रमात साथरोगशास्त्राची तत्त्वे, प्राणिजन्य आजार, मांस, दूध व मासे यांची स्वच्छता, अन्नसुरक्षेची मानके आणि पर्यावरणीय स्वच्छता हे विषय असतात. ते सर्वत्र जवळपास सारखेच असल्याने त्यांवर येथे अधिक लिहीत नाही. फरक पडतो तो मार्गदर्शकामुळे. प्रवेशाआधीच संभाव्य मार्गदर्शकांच्या मागील विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयात किंवा कृषिकोश या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात पाहावेत. त्यांत तीन गोष्टी तपासाव्यात: नमुने कोठून व कसे निवडले याचे वर्णन किती नेमके आहे, माणसांचा आणि जनावरांचा अभ्यास एकत्र केला आहे का, आणि निष्कर्षांत टक्केवारीबरोबर विश्वासांतर (खरे प्रमाण ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे त्या मर्यादा) दिले आहे का. ज्या प्रबंधांत ‘यादृच्छिक पद्धतीने नमुने गोळा केले’ एवढ्यावरच भागवलेले असते, तेथे ते बहुधा सोयीने गोळा केलेले असतात.

विषय निवडताना विद्यार्थी बहुतेक वेळा जीवाणूपासून सुरुवात करतात: साल्मोनेला घेऊ, लिस्टेरिया घेऊ. सुरुवात निर्णयापासून व्हावी. या अभ्यासाच्या उत्तराने कोणता निर्णय बदलणार आहे, असे स्वतःला विचारावे. चिकनच्या दुकानांतील साल्मोनेलाची टक्केवारी काढली आणि ती २२ आली काय किंवा ३० आली काय, कोणाचेही काहीही बदलत नाही. पण त्याच दुकानांत पिसे काढण्याच्या यंत्राआधी आणि नंतर, धुण्याच्या पाण्यात आणि कापण्याच्या ठोकळ्यावर असे टप्प्याटप्प्याने नमुने घेतले, तर दूषितीकरण नेमके कोणत्या पायरीवर वाढते हे कळते आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला परवान्याच्या अटीत काय घालावे हे सांगता येते.

पुणे जिल्हा या दृष्टीने फार संपन्न आहे. दौंड, इंदापूर, बारामती हा दुधाचा पट्टा आहे आणि तेथे गाभ टाकणाऱ्या गाई-म्हशींमागे ब्रुसेल्ला हा गर्भपात घडवणारा आणि माणसालाही होणारा जीवाणू किती, हा प्रश्न दूधउत्पादकालाही कळतो. पावसाळा संपल्यावर घाट उतरून कोकणात मेंढ्या घेऊन जाणारी धनगर कुटुंबे कोकरांच्या जन्माच्या वेळी वार आणि स्राव उघड्या हातांनी हाताळतात. त्यांच्यात दीर्घकाळ राहणारा ताप आणि सांधेदुखी यांचा मेंढ्यांच्या तपासणीशी मेळ घालणे हे उत्तम प्रबंधाचे काम आहे. शहराच्या कडेला उरलेले गोठे, भटक्या कुत्र्यांचे चावे, कोंढव्याच्या कत्तलखान्यातील कामगारांचे आरोग्य हे विषय तर हाताशीच आहेत. थोडे दूर जायची तयारी असेल तर सिंधुदुर्गातील माकडताप आहे. १९५७मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने शोध घेऊन हा गोचिडांतून पसरणारा विषाणू ओळखला. त्या शोधात माकडांचे शव, गोचीड, रुग्ण आणि जंगलातील वावर हे सर्व एकत्र तपासले गेले होते. एखाद्या अभ्यासाचा आराखडा कसा असावा हे शिकण्यासाठी या तपासाची हकीकत पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणापेक्षा अधिक मोलाची आहे.

नमुन्यांची संख्या, चाचणी आणि छेद

येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक प्रबंध येथेच कमकुवत होतात. समजा, म्हशींतील ब्रुसेल्लाचे प्रमाण साधारण १० टक्के असावे असा अंदाज आहे आणि ते ५ टक्के इकडेतिकडे अशा अचूकतेने, ९५ टक्के विश्वासपातळीवर मोजायचे आहे. १.९६चा वर्ग गुणिले ०.१ गुणिले ०.९, भागिले ०.०५चा वर्ग असा हिशेब केला की किमान १३९ म्हशी लागतात. पण त्या म्हशी दहाच गोठ्यांतून घेतल्या, तर एका गोठ्यातील जनावरे एकमेकांसारखी असल्यामुळे हे १३९ स्वतंत्र नमुने राहत नाहीत. गोठानिहाय साम्याचा परिणाम दुप्पट धरला, तर संख्या २७८ होते आणि गोठेही वाढवावे लागतात. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिताना हा हिशेब केला नाही, तर तो दोन वर्षांनी परीक्षक करून दाखवतात, आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो.

चाचणीचा अर्थ लावतानाही अशीच काळजी हवी. ९० टक्के संवेदनशीलता (बाधितांना बाधित ठरवण्याचे प्रमाण) आणि ९५ टक्के विशिष्टता (निरोगींना निरोगी ठरवण्याचे प्रमाण) असलेली चाचणी घेऊन १००० जनावरे तपासली आणि खरा प्रादुर्भाव २ टक्के असेल, तर २० बाधितांपैकी १८ सापडतील, मात्र ९८० निरोगी जनावरांपैकी ४९ चुकीने बाधित ठरतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या ६७ जनावरांपैकी खरी बाधित जेमतेम २७ टक्के. प्रादुर्भाव २० टक्के असेल, तर हेच प्रमाण ८२ टक्क्यांवर जाते. शेतकऱ्याला जनावर वेगळे बांधायला किंवा काढून टाकायला सांगण्याआधी हा हिशेब ज्याला तोंडपाठ नाही, त्याने तो सल्ला देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच चाळणीसाठी रोझ बेंगॉल चाचणी आणि खात्रीसाठी दुसरी चाचणी अशी साखळी ठेवतात. ब्रुसेल्लाच्या प्रश्नावलीत लसीकरणाचा प्रश्नही विसरू नये. एस-१९ ही लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना देतात, मात्र लस कधी आणि कोणत्या वयात दिली हे माहीत नसेल तर रक्तातील प्रतिपिंडे संसर्गाची की लसीची हे ठरवता येत नाही.

छेद, म्हणजे एकूण किती जनावरांपैकी किंवा किती माणसांपैकी, ही माहिती गोळा करणे कंटाळवाणे असते, आणि नेमके तेच काम विद्यार्थी मागे ठेवतात. दवाखान्यात आलेल्या चाळीस गाभ टाकलेल्या गाईंपैकी बारा बाधित होत्या, एवढ्यावरून तालुक्यातील प्रादुर्भाव काढता येत नाही. पशुगणनेचे आकडे, दूध संकलन केंद्राची सभासदयादी, ग्रामपंचायतीची नोंद असे काहीही मिळाले तरी त्यावरून नमुन्याची चौकट तयार करावी. प्रश्नावली मराठीत, शेतकऱ्याच्या शब्दांत लिहावी आणि मोबाइलवरील मोफत साधनांनी भरावी. विश्लेषणासाठी एपी इन्फो किंवा आर पुरेसे आहेत आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस. पहिल्या सत्रातच यांपैकी एक साधन नीट शिकून घ्यावे, कारण शेवटच्या सत्रात माहिती दुसऱ्याकडे विश्लेषणासाठी देणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत आपलेच तक्ते समजावून सांगू शकत नाही.

प्रयोगशाळा, परवानग्या आणि स्वतःचे संरक्षण

आपल्या प्रयोगशाळेला काय जमते हे पाहूनच जीवाणू निवडावा. साल्मोनेला वेगळा करायला पूर्वसंवर्धन, निवडक संवर्धन, मग घन माध्यमावरील वाढ आणि जैवरासायनिक चाचण्या असे चार-पाच दिवस लागतात, पण साध्या उबवणी यंत्रावर ते होते. कॅम्पिलोबॅक्टरला मात्र सुमारे ५ टक्के ऑक्सिजन आणि १० टक्के कार्बन डायऑक्साइडचे वातावरण आणि ४२ अंश सेल्सिअस तापमान हवे. हवेत आणि उन्हात तो लवकर मरतो. नमुना थंड पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचला नाही, तर अहवालात ‘आढळला नाही’ असे येते आणि तो निष्कर्ष जीवाणूबद्दल नसून रिक्षातल्या दोन तासांबद्दल असतो. ब्रुसेल्लाचे संवर्धन सामान्य प्रयोगशाळेत करूच नये. त्याला तिसऱ्या स्तराची जैवसुरक्षा लागते. विद्यार्थ्याने रक्तजल चाचण्या आणि पीसीआर यांवरच भर द्यावा.

जनावरांवर प्रयोग असतील तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची आणि माणसांचे रक्त किंवा मुलाखती घ्यायच्या असतील तर मानवी संशोधनाच्या नीतिसमितीची मंजुरी हवी. पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसरी समिती नेहमीच असते असे नाही, म्हणून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन (पीएसएम), विभागातील प्राध्यापकांना सहमार्गदर्शक म्हणून घ्यावे. हा पत्रव्यवहार सहा महिने खाऊ शकतो. पहिल्या सत्राच्या परीक्षेआधीच तो सुरू करावा. कत्तलखान्यात किंवा चिकनच्या दुकानात नमुने घेण्यासाठी लेखी परवानगी लागतेच, पण तेवढ्याने काम होत नाही. खाटकाशी आधी दोन-तीन वेळा बोलून, त्याच्या दुकानाचे नाव कुठेही छापले जाणार नाही याची खात्री दिल्यावरच तो नमुना मोकळेपणाने देतो.

काम सुरू करण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. भारतातील प्रचलित वेळापत्रकानुसार ती ०, ७ आणि २१ किंवा २८ या दिवशी देतात. गाभ टाकलेल्या जनावराची वार हाताळताना हातमोजे, मुखपट्टी आणि डोळ्यांचे संरक्षण नसेल तर काम थांबवावे. एस-१९ ही जिवंत लस आहे आणि तिची सुई स्वतःला टोचल्यास ती माणसाला आजारी पाडू शकते, याची जाणीव अनुभवी पशुवैद्यकांनाही करून द्यावी लागते.

पुण्यात राहण्याचा फायदा कसा घ्यावा

प्रवेश शिरवळला मिळो किंवा परळला, पुण्याशी संबंध तोडू नये. औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, रोग अन्वेषण विभाग आणि तेथील पश्चिम विभागीय रोग निदान प्रयोगशाळा आहे, लस तयार करणारी पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे अतिसुरक्षित संकुल आहे. मानवी आजारांच्या सर्वेक्षणाचे राज्यस्तरीय कार्यालय आणि राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळाही याच शहरात आहे. इज्जतनगरच्या संस्थेचे प्रशिक्षण व शिक्षण केंद्र पुण्यातही सुरू झालेले आहे. जनावरांच्या आणि माणसांच्या आजारांची राज्याची कागदपत्रे एका शहरात, रिक्षाच्या अंतरावर असणे ही सोय थोड्याच ठिकाणी मिळते, आणि तरीही या दोन्ही बाजूंच्या कार्यालयांतील माहिती एकत्र ठेवून पाहणारे विद्यार्थी क्वचितच आढळतात. सुट्टीच्या महिन्यात रोग अन्वेषण विभागात नमुना दाखल होण्यापासून अहवाल बाहेर पडेपर्यंतचा प्रवास समजून घ्यावा. साथीच्या तपासणीसाठी पथक निघत असेल, तर नोंदी लिहिण्याचे काम मागून घेऊन त्याच्याबरोबर जावे. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा कोंबड्या नष्ट करणे, भरपाई, कामगारांची तपासणी आणि अंडीबाजार या गोष्टी एकाच आठवड्यात हाताळाव्या लागल्या होत्या. अशा कामातील निर्णयांचा क्रम वर्गात शिकवता येत नाही.

खर्चाबाबत थोडे. कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक आल्यास पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते. पीएच.डी.च्या टप्प्यावर पात्रतेनुसार बार्टी, सारथी, महाज्योती किंवा आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या अधिछात्रवृत्ती उपलब्ध असतात. यांपैकी बार्टी, सारथी आणि आदिवासी संस्था पुण्यातच असल्याने जाहिरात आल्याबरोबर कागदपत्रे तपासून घेणे सोपे जाते.

नोकरीच्या बाबतीत अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. लोकसेवा आयोगामार्फत भरले जाणारे पशुधन विकास अधिकारी हे पद मूळ पदवीवरच मिळते आणि बहुसंख्य पदव्युत्तर विद्यार्थी शेवटी तेथेच जातात. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी पशुवैद्यकीय पदवी ग्राह्य आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसते. महापालिकांची पशुवैद्यकीय खाती, दूध संघांच्या गुणवत्ता प्रयोगशाळा, मांस निर्यात करणारे उद्योग, कुक्कुट उद्योग आणि लसनिर्मिती येथे या विषयाच्या पदव्युत्तरांना मागणी आहे. २०१९मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आल्यापासून प्रतिजैविकांच्या वापराची नोंद ठेवू शकणाऱ्या पशुवैद्यकाकडे कुक्कुट उद्योगाने वेगळ्या नजरेने पाहायला हवे. मानवी आरोग्याच्या संशोधन संस्थांत प्रकल्पाधारित पदे निघतात; ती तात्पुरती असली तरी पहिल्या दोन वर्षांसाठी त्यांच्याइतके चांगले प्रशिक्षण दुसरीकडे मिळणे कठीण. अशा पदासाठी अर्ज करताना पदवीच्या प्रमाणपत्राआधी प्रबंधाचा एक पानी गोषवारा जोडावा, आणि त्या गोषवाऱ्यात कोणाचे, किती आणि कितीपैकी नमुने तपासले हे पहिल्या तीन ओळींत लिहावे.